‘पेझली’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आला आहे: ‘साड्यांच्या वर्णनांचं मराठी करते आहे. “पेझली प्रिंट”ला आपला शब्द आहे का, की पेझलीच ठेवू? आणि हा शब्द मुळात कुठला?’

आकाराबद्दल लिहीत असाल तर बिनदिक्कत ‘कुयरी’ लिहा. ‘कोयरी’ही चालेल. पैठणीवर, मेंदीत, रांगोळीत दिसते ती कुयरीच. हळदीकुंकवाच्या तबकातली कैरीच्या घाटाची झाकणाची डबी, तीही कुयरी. माझ्या आजीच्या चांदीच्या कुयरीचं वळलेलं टोक आतून कुंकवानं कायमचं लाल झालं होतं, कितीही घासलं तरी जायचं नाही. इतका रुळलेला शब्द असताना ‘पेझली नक्षी’ लिहायचं काहीच कारण नाही.

पेझली हे गावाचं नाव आहे. स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोच्या पश्चिमेला. अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांबरोबर काश्मिरी शाली तिकडे पोचू लागल्या. त्या फार महाग, म्हणून तिकडच्या मागांवर त्यांची नक्कल सुरू झाली. पेझलीत हे काम 1805च्या सुमारास लागलं आणि 1870च्या दशकात फॅशन पालटेपर्यंत चाललं. नक्षी काश्मीरची, पण नाव चिकटलं ते नक्कल विणणाऱ्या गावाचं.

विणाई मात्र वेगळी होती. काश्मीरच्या कानी शालीत प्रत्येक रंगाची कांडी (धागा गुंडाळलेली छोटी काडी) वेगळी असते आणि ती आपापल्या जागेपुरतीच फिरते. आपल्या पैठणीच्या पदराचंही तंत्र हेच. पेझलीत रंगीत बाणा, म्हणजे आडवा धागा, या काठापासून त्या काठापर्यंत जायचा आणि नक्षीत नसेल तिथे पाठीमागे मोकळा लोंबायचा. शाल जड होऊ नये म्हणून ते धागे मागून कातरून टाकत. जुनी पेझली शाल हाती आलीच तर उलटी करून पाहा, कातरलेल्या धाग्यांची बारीक लव दिसते.

विणकाम एकट्या पेझलीतच होतं असं नाही, आसपासच्या खेड्यांतही माग होते. जवळच्या किलबार्खनमध्ये 1830च्या दशकात सुमारे 800 हातमाग होते. तिथलं 1723 सालचं एक विणकराचं घर आजही जपलेलं आहे. माग खालच्या, अर्धवट जमिनीत गेलेल्या खोलीत, आणि तिची जमीन मातीची. ओलाव्यानं सूत तुटत नाही म्हणून. उन्हाळ्यात सतत सूत सांधत बसलेल्या कोष्ट्याला हे वेगळं सांगायला नको. बायकापोरं कांड्या भरत. जॅकार्ड, म्हणजे नक्षी आपोआप उचलणारं मागावरचं यंत्र, येईपर्यंत नक्षीच्या दोऱ्या ओढायला मागाशी एक पोरगा लागे, त्याला म्हणत ‘ड्रॉबॉय’.

या विणकरांच्या बोलीतला मला सर्वांत आवडलेला शब्द ‘स्मॉ शॉट’, म्हणजे बारीक फेर. रंगीत बाण्यांना बांधून ठेवणारा हा पातळ धागा तयार शालीत दिसतच नाही. दिसत नाही म्हणून व्यापारी त्याचे पैसे देईनात, आणि विणकराला तो पदरमोड करून आणावा लागे. त्याच्याशिवाय शाल शाल म्हणून टिकणारच नाही, हे त्यांनी लावून धरलं आणि 1856 साली पैसे मिळवले. पेझलीत अजून जुलैच्या पहिल्या शनिवारी ‘स्मॉ शॉट डे’ साजरा होतो. धाग्याच्या नावाचा सण मला दुसरा ठाऊक नाही.

तेव्हा तुमच्या कामापुरतं: साडीवर, कुर्त्यावर, पडद्यावर ‘कुयरी’. स्कॉटलंडच्या त्या शालीविषयी लिहीत असाल तर मात्र ‘पेझली शाल’च, कारण तिथे गाव आणि विणाई दोन्ही त्या नावात आहेत.

‘स्मॉ शॉट’ कधी मराठीत आणायची वेळ आली तर मी ‘बारीक पिक’ म्हणेन; पिक म्हणजे बाण्याचा एक फेर. इचलकरंजीत यंत्रमागाची मजुरी आजही पिकावर ठरते, तिथल्या कामगाराला त्याचा अर्थ समजावावा लागणार नाही.