हवेला वजन असतं, मग फुगवलेली पिशवी रिकाम्या पिशवीइतकीच का भरते? घरी हवा कशी मोजायची?

काटा खराब नसतो. हे आधी सांगतो, कारण नववीत असताना याच प्रयोगावरून तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात माझ्या वडिलांच्या काट्याला नावं ठेवली गेली.

सांगलीत सराफ कट्ट्यावर आमचं छोटं दुकान. काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, वैधमापनचा शिक्का असलेला. त्यावर मी प्लॅस्टिकची पिशवी आधी घडी करून ठेवली, मग हवा भरून. आकडा तोच. परीक्षक म्हणाले, "काटा बंद पडलाय, प्रयोग फसला." बाबा शेजारीच उभे होते, काही बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी १ ग्रॅमचं वजन ठेवून मला दाखवलं. बरोबर १.००.

कृष्णेत घागर बुडवून भरा. पाण्याखाली आहे तोवर आतल्या पाण्याचं ओझं हाताला लागतच नाही. वर काढली की खांदा भरून येतो. पिशवीही हवेत बुडालेलीच आहे. तिने जेवढी हवा बाजूला सारली तेवढ्याच वजनाचं प्लावक बल तिला वर उचलतं. आतली हवा बाहेरच्याइतकीच दाट, मग फरक दिसणार कुठून?

हवा कोंबावी लागते. पुढच्याच रविवारी फुटबॉल घेतला. पंखा बंद केला, बॉल गडगडू नये म्हणून खाली बांगडी ठेवली. चपटा बॉल गोल होईपर्यंत आकडा जागचा हलला नाही. पुढे पंप मारत गेलो, बॉल टणक झाला आणि ५ ग्रॅम वाढले. साडेपाच लिटरच्या त्या बॉलमध्ये तेव्हा हवा असते ११ ग्रॅमच्या आसपास (आपल्याकडे लिटरला साधारण १.१ ग्रॅम धरा). बाकीचे ६ प्लावक बलाने खाल्ले.

पट्टीच्या दोन टोकांना फुगे बांधून एक फोडायचा, तो प्रयोग मला अजिबात पटत नाही. फुग्यातली हवा बाहेरच्यापेक्षा जेमतेम दोन-तीन टक्के दाबलेली असते. ३ लिटरच्या फुग्यात फरक ०.१ ग्रॅमचा. फुटताना रबराचा तुकडा उडाला तर तोच जास्त भरेल. त्या वर्षी पहिला नंबर याच प्रयोगाला दिला होता.

हो, एक राहिलं: तोंडाने फुगवू नका. श्वासातल्या वाफेचे थेंब आत धरतात आणि वजन उगाच वाढतं. आणि मुलांकडून करून घेणार असाल तर आधी पिशवी, मग बॉल, असे दोन्ही करा. पिशवीला आकडा हलला नाही तर त्या मुलाचे गुण कापण्याआधी काट्यावर १ ग्रॅमचं वजन ठेवून बघा.