तुमचा खड्डा साडेपाच तासांचा आहे

तुम्ही इथे टाकलेला आलेख पाहिला आणि हसू आवरेना. तुम्हाला नाही, स्वतःलाच हसलो. एलएचएस ३८४४ बी हा परक्या ताऱ्याचा ग्रह, टेस या अवकाश दुर्बिणीचा पहिला सेक्टर (आकाशाचा पहिला पट्टा), फेज (फेरीचा कितवा भाग; शून्य म्हणजे ग्रह ताऱ्यासमोर, ०.५ म्हणजे मागे) ०.५ च्या जवळ ताऱ्याच्या प्रकाशात ०.४ टक्क्याचा खड्डा, आणि खाली प्रश्न : ग्रह ताऱ्यामागे जाताना सापडला का? हाच खड्डा घेऊन मी चार महिने नाचत होतो.

तो ग्रह मागे नाही, समोरूनच चाललाय. घड्याळ चुकलंय.

माझं असं झालं. शोधनिबंधातली अधिक्रमणाची (ग्रह ताऱ्यासमोरून जाण्याची) मध्यवेळ ज्युलियन दिनांकात, म्हणजे दिवसांच्या सलग मोजणीत होती. डोळ्यांना कळावी म्हणून पायथनमध्ये साध्या तारीख-वेळेत बदलली, मग परत आकड्यात नेली. परत नेताना टाइमझोन लिहिला नाही. लॅपटॉपने ती भारतीय वेळ समजून ५ तास ३० मिनिटं कापली. दुसरा कुठला ग्रह असता तर खड्डा भलतीकडे उगवला असता आणि लगेच संशय आला असता. पण या बाबाचं वर्षच ११ तास ७ मिनिटांचं. त्याचं अर्धं करा : ५ तास ३३ मिनिटं! त्यात मी आलेख ०.३ ते ०.७ एवढाच काढलेला, कारण शोधायचं होतं तेच बघायचं होतं. फेज शून्यापाशी सपाट मैदान आहे हे दिसलंच नाही. तुमचाही आलेख तिथूनच कापलाय, बघा.

शिवाय खड्डा ०.५ वर नव्हता, ०.४९५ वर होता. त्या तीन मिनिटांना मी 'लंबवर्तुळाकार कक्षा' असं नाव देऊन टाकलं. इतक्या जवळच्या ग्रहाची कक्षा भरती-ओहोटीच्या ओढीने केव्हाच गोल झालेली असणार, हे माहीत असूनही.

आकड्यांनीही सावध करायला हवं होतं. २०१९ मध्ये लॉरा क्राइडबर्ग यांच्या गटाने स्पिट्झर अवकाश दुर्बिणीने अवरक्त प्रकाशात खरं पिधान (ग्रह ताऱ्यामागे लपणं) मोजलं, ते जेमतेम ०.०४ टक्के. दिवसाची बाजू साधारण ७७० अंश सेल्सिअस, जाड वातावरण नाही, पृष्ठभाग बेसाल्टसारखा काळा. (आपला सह्याद्रीच म्हणा, तापवलेला.) टेस बघते त्या लाल प्रकाशात तर तो याहून कमी उजळतो. मग दसपट खोल खड्डा कुठून येणार?

मी हे एका संस्थेला दाखवायला गेलो. 'विभागप्रमुखांमार्फत अर्ज आणा.' कुठला विभाग? मी बँकेत नोकरी करतो! तीन ईमेलना एकच ठरावीक पोच. कुणी आलेखावर दोन मिनिटं नजर टाकली असती तर माझे चार महिने वाचले असते. असो.

आता वेळा टेसच्या आकड्यातच ठेवा. ज्युलियन दिनांकातून २४५७००० वजा करा, बस, तारखांच्या वाटेला जाऊच नका. आलेख −०.५ ते ०.५ पूर्ण काढा. ताऱ्याच्या भडक्यांचे (अचानक उजळण्याचे) बिंदू काढून टाकताना फक्त वरचे छाटा, नाहीतर अधिक्रमणच छाटलं जाईल. दर अर्ध्या तासाला एकच बिंदू देणारा डेटा असेल तर सोडा, अधिक्रमणच अर्ध्या तासाचं आहे. दोन मिनिटांचा घ्या.

आणि दुर्बीण लावायचा विचार सोडा. पुण्याहून हा तारा क्षितिजाच्या जेमतेम दोन-अडीच अंश वर येतो, प्रत (तेजाचा आकडा) १५ च्या पुढची, म्हणजे फार अंधूक.

मी काही तज्ज्ञ नाही, तुमची फाइलही पाहिलेली नाही. पण मध्यवेळेत ०.२२९ दिवस (म्हणजे साडेपाच तास) मिळवून डेटा परत फोल्ड करा, म्हणजे सगळ्या फेऱ्या एकावर एक ठेवा, आणि खड्डा कुठे जातो ते इथे टाका.