घरचा सर्व्हर आणि एआयची मदत: तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की फोटो, कागदपत्रं, पासवर्ड असलं सगळं घरातल्याच एखाद्या कॉम्प्युटरवर ठेवता येतं, त्याला लागणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि बसवताना अडलं तर चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनी यांना मराठीतही विचारता येतं. त्यावर आलेले मेल वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली, बसवणं बहुतेकांना जमलंय, गाडी अडते ती नंतर. म्हणून यावेळी ते ‘नंतर’चे प्रश्न घेतलेत.

प्रश्न: ताई, विंडोज १० चा सपोर्ट बंद झाल्यावर माझा ८ जीबी रॅमचा लॅपटॉप पडूनच होता. एआयला विचारत विचारत त्यावर डेबियन (लिनक्स) टाकलं, मग डॉकर, म्हणजे प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत (कंटेनरमध्ये) चालवणारं सॉफ्टवेअर, मग फोटो सांभाळणारं इमिच. आता घरातल्या चौघांचे फोटो आपोआप त्यात जातात, फार भारी वाटतं. पण झाकण लावलं की सगळं बंद पडतं. आणि सुरुवातीला एआयनं लिहून दिलेल्या फाईलनं इमिचचं पान उघडतच नव्हतं, कंटेनर तर चालू दिसायचा. भाच्यानं एक आकडा बदलला मग उघडलं. असं का? आणि आता गुगल फोटोजमधलं सगळं डिलीट करून टाकू का, १५ जीबी कधीच भरलेत.
– निवृत्त बँक कर्मचारी, सांगली

उत्तर: काका, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. नाही, डिलीट करू नका, इतक्यात तर अजिबात नाही. आत्ता तुमचे फोटो एका जुन्या लॅपटॉपच्या एकाच डिस्कवर आहेत आणि ती डिस्क किती वर्षं चाललीय हे तुम्हालाही आठवत नसेल. एका डिस्कवरची कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे. जुना नियम आहे ३-२-१ चा, तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. त्यातली घराबाहेरची प्रत सध्या गुगलचीच आहे असं समजा, तीही १५ जीबी भरायच्या आधीच्या फोटोंपुरतीच, दुसरी सोय होईपर्यंत.

आता तो आकडा. भाच्यानं बहुतेक ३००१ च्या जागी २२८३ केलं असणार. इमिचच्या कंटेनरच्या आतला पोर्ट, म्हणजे त्याच्याशी बोलायच्या दाराचा नंबर, पूर्वी ३००१ होता, नंतर त्यांनी तो २२८३ केला, पण जुन्या फाईली इंटरनेटवर जागोजागी पडल्यात आणि एआय त्याच वाचून शिकलंय, त्यामुळे ते अगदी ठामपणे जुनं उत्तर देतं. इमिच २०२२ मध्ये सुरू झालं, त्याला स्थिर म्हणावी अशी २.० आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये आली, तोपर्यंत ते लोक स्वतःच सांगायचे की हे अजून बदलतंय, फोटोंची एकमेव प्रत यात ठेवू नका. इतकं भराभर बदलणारं सॉफ्टवेअर असेल तर एआयला ‘फाईल लिहून दे’ असं म्हणूच नये. इमिचच्या अधिकृत पानावरून ताजी कंपोज फाईल, म्हणजे डॉकरला काय आणि कसं चालवायचं ते सांगणारी फाईल, उतरवा, ती एआयला द्या आणि म्हणा, ही वाच आणि प्रत्येक ओळ काय करते ते मला समजावून सांग. या कामात ते खरंच उत्तम आहे, न कंटाळता पाचव्यांदाही सांगतं, आणि फाईल खरी असल्यामुळे मनचं घालायला त्याला फारशी जागा उरत नाही.

झाकणाचं सोपं आहे. डेबियनमध्ये लॉगइनडी नावाच्या सेवेची एक सेटिंगची फाईल असते, त्यात ‘हँडल लिड स्विच’ अशी ओळ आहे, तिला ‘इग्नोर’ करायचं आणि मशीन रीस्टार्ट करायचं. लॅपटॉपचा एक मोठा फायदा म्हणजे लाईट गेली तरी त्याची बॅटरी यूपीएससारखी सांभाळून घेते, डेटाबेस लिहिता लिहिता मधेच वीज जाणं हे फार वाईट असतं. पण कायम चार्जिंगला लावलेली बॅटरी फुगू शकते, तेव्हा चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती चालू करा, आणि टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला तर लगेच बंद करून बॅटरी काढून घ्या, ते चालढकल करायचं काम नाही.

बॅकअपबद्दल एआयला विचारलंत तर ते बऱ्याचदा फक्त फोटोंचं फोल्डर कॉपी करायला सांगतं. तेवढं पुरत नाही. फोटो फोल्डरमध्ये असतात, पण अल्बम, कोणाचा चेहरा कोणता, कोणाचं खातं, हे सगळं पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये असतं. इमिच त्या डेटाबेसची एक प्रत रोज रात्री २ वाजता आपणहून काढतं आणि शेवटच्या १४ ठेवतं, त्या अपलोडच्याच फोल्डरमध्ये ‘बॅकअप्स’ नावाखाली सापडतील. म्हणजे ते अख्खं अपलोड फोल्डर यूएसबी डिस्कवर गेलं की दोन्ही गोष्टी आल्या. फक्त त्या प्रतींमध्ये फोटो नसतात, हे ध्यानात ठेवा, नाव ‘बॅकअप्स’ असल्यामुळे लोकांना वाटतं सगळं झालं.

आणि मग एक दिवस काढून भाच्याच्या लॅपटॉपवर त्या यूएसबी डिस्कवरून इमिच पुन्हा उभं करून बघा. अल्बम दिसले, नावं दिसली, दहा वर्षांपूर्वीच्या लग्नाचे फोटो उघडले, मग गुगलचं बघू.

प्रश्न: लाईटबिल किती वाढेल? घरात यावरूनच वाद चालू आहे.
– एक वाचक, जळगाव

उत्तर: १० वॅट खाणारं मशीन चोवीस तास चालू ठेवलं तर महिन्याला ७.२ युनिट होतात. इंटेल एन१०० चे छोटे मिनी पीसी किंवा स्क्रीन बंद केलेला साधा लॅपटॉप, काही काम नसताना, साधारण या आसपास असतात. जुना डेस्कटॉप मात्र सहज ५० वॅटच्या पुढे जातो, म्हणजे ३६ युनिट, तो असेल तर घरच्यांचं म्हणणं बरोबर आहे.

प्रश्न: घरात वायफायवर सगळं उघडतं, ऑफिसातून उघडत नाही. एआयनं राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून येणारं घरच्या मशीनकडे वळवायची सेटिंग, करायला सांगितलं, केलं, तरी नाही. मग म्हणालं फायरवॉल बघा, मग म्हणालं राउटर रीसेट करा. तीन रात्री गेल्या यात.
– सॉफ्टवेअरशी संबंध नसलेली एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: तुमचं काहीही चुकलेलं नाही. राउटरच्या पानावर जाऊन त्याचा वॅन आयपी, म्हणजे इंटरनेट कंपनीनं राउटरला दिलेला पत्ता, बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत कशानंही सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे कंपनीनं एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच घरांत वाटून दिलाय. हे म्हणजे सोसायटीच्या गेटवर वॉचमन तुमच्या फ्लॅटचा नंबर विचारून कोणालाच आत सोडत नाही आणि तुम्ही आपल्या दाराची कडी काढून वाट बघताय. घरातल्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडलेत तरी बाहेरचा माणूस तिथपर्यंत पोचतच नाही. भारतात घरगुती ब्रॉडबँड आणि मोबाईलवर हे सर्रास आहे, पण एआयला तुमच्या घरातली जोडणी दिसत नाही, ते आपलं सर्वसाधारण उत्तर देत राहतं, आणि तुम्ही ‘नाही झालं’ म्हणालात की पुढचं सर्वसाधारण उत्तर देतं. पहिल्याच मेसेजमध्ये ‘माझा वॅन आयपी १००.७० नं सुरू होतो’ एवढं लिहिलं असतंत तर बहुतेक लगेच सीजीनॅट म्हणालं असतं.

उपाय: टेलस्केल नावाचं सॉफ्टवेअर. घरच्या मशीनवर आणि फोनवर, दोन्हीकडे टाकायचं, एकाच खात्यानं आत जायचं, झालं. ते वायरगार्ड या व्हीपीएन तंत्रावर चालतं, तुमची दोन उपकरणं आपसात बोलतात, जगाला काहीच उघडं पडत नाही. आणि खरं सांगू का, तुम्ही सीजीनॅटच्या मागे असाल तर ते एका अर्थी बरंच झालं. कारण एआय पुढे सांगतं की ‘यूएफडब्ल्यू फायरवॉल चालू करा म्हणजे सुरक्षित’, आणि डॉकर जो पोर्ट बाहेर काढतं तो यूएफडब्ल्यूला वळसा घालून जातो, डॉकर स्वतःचे नियम थेट खाली आयपीटेबल्स या लिनक्सच्या मूळ फायरवॉलमध्ये लिहितं. लोकांना वाटतं बंद आहे, प्रत्यक्षात सताड उघडं असतं.

क्लाउडफ्लेअर टनेल, म्हणजे त्या कंपनीच्या सर्व्हरमधून घरापर्यंतची वाट, हेही चालतं, पण त्याच्या फुकट प्लॅनमध्ये एका अपलोडला १०० एमबीची मर्यादा आहे. गणपतीच्या मिरवणुकीचा मोठा व्हिडिओ इमिचमध्ये जाताना अडकला तर कारण हे.

प्रश्न: स्कॅन केलेले कागद शोधता येतील असं पेपरलेस बसवलं, इंग्रजी बिलं शोधता येतात पण सातबारा आणि ग्रामपंचायतीच्या पावत्या स्कॅन केल्या की नुसता कचरा येतो. मराठी जमत नाही का त्याला?
– शेतकरी, तालुका बारामती

उत्तर: जमतं की! पेपरलेस-एनजीएक्स अक्षरं ओळखायला टेसरॅक्ट वापरतं आणि त्यात मराठी आहे, फक्त आधीपासून बसवलेल्या भाषांत ती नसते. दोन सेटिंग्ज आहेत, नावं जवळजवळ सारखी, गोंधळ इथेच होतो. अनेकवचनी नावाची, शेवटी ‘लँग्वेजेस’ असलेली, भाषा उतरवून घेते, तिथे मराठीचा तीन अक्षरी कोड, म्हणजे एम-ए-आर, लिहायचा. एकवचनी ‘लँग्वेज’वाली कुठल्या भाषेत वाचायचं ते ठरवते, तिथे मराठी आणि इंग्रजी असे दोन्ही कोड मध्ये अधिकचं चिन्ह देऊन लिहायचे, कारण आपल्या कागदांवर दोन्ही असतात. एकच केली तर चालत नाही. मग आधीच चढवलेले कागद निवडून पुन्हा वाचायला लावायचे. छापील सातबारा चांगला वाचला जातो, हाताने लिहिलेल्या जुन्या फेरफाराची मात्र अपेक्षा ठेवू नका, त्याला नाव आणि टॅग स्वतःच द्या, गट नंबर टॅगमध्ये टाकला तरी शोधायला पुरतो. आणि हो, ते कागद ऑनलाईन एआयला वाचायला देऊ नका, घरी ठेवायचे म्हणूनच तर हा सगळा खटाटोप केलात.

प्रश्न: मुलगा म्हणतो, कशाला कॉपी-पेस्ट करत बसतेस, एआय एजंट थेट सर्व्हरवरच बसव, तोच कमांड चालवेल, तोच दुरुस्त करेल. बसवू का?
– शिक्षिका, सातारा

उत्तर: बसवा, पण त्याच्या हातात काय द्यायचं ते तुम्ही ठरवा. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कोडिंगच्या कंपनीच्या एआय एजंटनं एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला होता, तोही ‘काहीही बदलू नको’ असं सांगितलेलं असताना. वर त्यानं सांगितलं की आता परत आणता येणार नाही, आणि प्रत्यक्षात ते आणता आलं. म्हणजे पुसतानाही चुकलं आणि पुसल्यावर काय करता येईल तेही चुकीचं सांगितलं. कंपनीला मग आपल्या पद्धती बदलाव्या लागल्या. आपल्या घरी असं झालं तर बदलणार कोण!

तुमच्यासाठी सगळ्यात धोक्याची ओळ अगदी साधी दिसते. काही बिघडलं की एजंट म्हणतो ‘स्वच्छ सुरुवात करूया’ आणि ‘डॉकर कंपोज डाऊन’ चालवतो, त्याच्या शेवटी ‘डॅश व्ही’ असेल तर कंटेनरबरोबर डॉकरचे व्हॉल्यूम, म्हणजे डेटा साठवायच्या त्याच्या जागा, त्याही जातात. इमिचच्या नेहमीच्या मांडणीत फोटो साध्या फोल्डरमध्ये असतात म्हणून ते वाचतात, पण पेपरलेसच्या नमुना फाईलमध्ये कागदपत्रंच व्हॉल्यूममध्ये असतात, तिथे ते एक अक्षर म्हणजे तुमचे सगळे कागद. म्हणून एजंटला प्रत्येक कमांडच्या आधी परवानगी मागायला लावा, ‘नेहमीसाठी हो’ हे बटण दाबू नका, आणि कमांड कळली नाही तर तिथेच विचारा: यानं काय पुसलं जाईल, आणि ते परत कुठून येईल? उत्तर गोलगोल आलं तर थांबा. बॅकअपची यूएसबी डिस्क त्या वेळी काढून ठेवा, जोडलेलीच नसली तर कोणी पुसणार नाही. पासवर्ड असलेली एन्व्ह फाईल त्याला वाचू देऊ नका, चॅटमध्येही चिकटवू नका, मदतीसाठी दाखवायचीच असेल तर पासवर्डच्या जागी फुल्या टाकून दाखवा.

एक गोष्ट मला मनापासून वाटते, डेटा कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे घरातल्या माणसाला तोंडपाठ पाहिजे. बाकी सगळं एआयनं केलं तरी चालेल.

प्रश्न: मग एआयसुद्धा घरीच चालवलं तर?
– विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: ओलामा, म्हणजे एआयची मॉडेल्स आपल्याच मशीनवर चालवणारं सॉफ्टवेअर, टाकून चालतं. पण सात-आठ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल दाबून लहान केलं तरी ४-५ जीबी मेमरी घेतं, ८ जीबीच्या मशीनवर इमिचसोबत दोघंही गुदमरतील. छोटी मॉडेल्स मराठीत अडखळतात आणि डॉकरच्या प्रश्नांवर जास्त थापा मारतात. शिकायला म्हणून जरूर करा. चेहरे ओळखणं तर इमिच आत्ताही तुमच्याच मशीनवर करतंय.

प्रश्न: मी लंडनला असतो, आईबाबा नाशिकला. त्यांच्या फोटोंचा सर्व्हर नाशिकला आहे, घराबाहेरची प्रत माझ्याकडे ठेवायची आहे. शिवाय घरातले सगळे पासवर्ड व्हॉल्टवॉर्डनवर, म्हणजे घरच्या सर्व्हरवरच्या पासवर्डच्या तिजोरीत, टाकू का?
– एक वाचक, लंडन

उत्तर: दादा, प्रतीचं नक्की करा. दोन्ही घरांत टेलस्केल, नाशिकहून रेस्टिक नावाचं बॅकअपचं सॉफ्टवेअर रोज रात्री तुमच्याकडच्या डिस्कवर पाठवेल, पाठवण्याआधी कुलूपबंद करून. त्या रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर कोणीच, एआयही, काही करू शकत नाही, तो कागदावर लिहून दोन्ही घरी ठेवा.

व्हॉल्टवॉर्डन मात्र सगळ्यात शेवटी. त्याला एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपबंद जोडणी, लागतं, ते टेलस्केलमधून मिळतं, आणि सर्व्हर बंद असला तरी फोनवरच्या, त्याला जोडलेल्या बिटवॉर्डन ॲपमध्ये आधीचे पासवर्ड वाचता येतात, त्यामुळे अगदी अडत नाही. पण दुरुस्त करणारा माणूस लंडनला आणि बँकेचे पासवर्ड अडकलेले बाबा नाशिकला, हे मला पटत नाही. फोटोंचा सर्व्हर एक पावसाळा, लाईटच्या खेळासकट, नीट चालला तर मग बघा. तोवर बाबांसाठी मराठीत एक पानभर लिहून ठेवा, कुठला डबा, कुठली वायर, बंद पडलं तर आधी काय दाबायचं, कोणाला फोन करायचा. ते पान एआयकडून लिहून घेतलंत तरी हरकत नाही, फक्त बाबांकडून एकदा करून घ्या.

आणि पहिला मोठा बॅकअप इंटरनेटवरून पाठवू नका, आठवडे जातील. पुढच्या वेळी नाशिकला याल तेव्हा डिस्क घेऊन या, घरातच भरून घ्या, परत नेऊन लंडनला जोडा, त्यानंतर रोजचा फरक तेवढाच जाईल.