तुमचे प्रश्न: भुलाबाई खरी की भोंडला, आणि कुत्रा भात का खात नाही

या वेळी म्हणी, गाणी, रीतीभाती यांवर इतकी पत्रं आलीत की सगळी घेता येणार नाहीत. बहुतेकांचं विचारणं फिरून फिरून एकच, आमच्या घरी असं म्हणतात आणि शेजारी तसं म्हणतात, मग बरोबर कोणतं? काही निवडून उत्तरं देतेय.

प्रश्न: ताई, माझं माहेर जळगावचं. आमच्याकडे महिनाभर भुलाबाई बसायची. लग्न होऊन पुण्यात आले तर इथे पाटावर हत्ती काढून भोंडला. सासूबाई म्हणतात मूळ भोंडलाच, तुमचं ते नंतर आलेलं. मुलीला नक्की काय शिकवू?

उत्तर: सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण मूळ हे आणि नंतरचं ते असं काही यात नाहीये. खानदेश आणि विदर्भात भुलाबाई, पुण्याकडे भोंडला, आणि सातारा सांगली कोल्हापूरकडे हादगा. तिन्ही पोरीबाळींचे खेळ, फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी खाऊ ओळखायचा, एवढं सगळीकडे सारखं. बाकी मांडणी वेगळी. तुमच्या भुलाबाईत मातीच्या मूर्ती असतात, भुलाबाई आणि भुलोजी, म्हणजे पार्वती आणि शंकर, माहेरपणाला आलेले. भाद्रपद पौर्णिमेला बसतात आणि कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात त्यांची पूजा होऊन निरोप. भोंडला बसतो घटस्थापनेपासून, मधे पाटावर हत्ती. आणि हादगा सुरू होतो सूर्य हस्त नक्षत्रात गेला की, साधारण 26-27 सप्टेंबरला, भिंतीवर समोरासमोर दोन हत्तींचं चित्र लावायचं, त्याला फळांच्या भाज्यांच्या माळा घालायच्या, 16 दिवस. हस्त नक्षत्राच्या पावसाला गावाकडे सरळ हत्तीचा पाऊस म्हणतात, तेव्हा हा हत्ती कुठून आला ते वेगळं सांगायला नको.

गाणी बघा ना. पुण्यात म्हणतात "कारल्याचा वेल लाव गं सुने, मग जा आपुल्या माहेरा". तुमच्याकडे "कारल्याचं बी पेर गं सूनबाई, मग जाय आपल्या माहेरा". वेल लावला, मग त्याला फूल येऊ दे, मग कारलं लागू दे, मग भाजी कर, मग खा, आणि सून प्रत्येक वेळी विचारतेच आहे, आता तरी जाऊ का माहेरा. इकडे वेल आणि तिकडे बी, एवढाच फरक, बाई तीच आणि अडवणूकही तीच. आता यातलं नंतरचं कोणतं ते कसं ठरवणार, आणि ठरवून करायचं तरी काय.

मुलीला दोन्ही शिकवा. आणि हे जमतंही छान, कारण भुलाबाई घटस्थापनेच्या पंधरवडाभर आधी बसते, म्हणजे पितृपक्षात तुमची भुलाबाई एकटी राज्य करेल आणि नवरात्र लागलं की भोंडल्याचा पाट शेजारी मांडायचा. सासूबाईंना खिरापतीचं काम द्या, डबा हलवून पोरींनी ओळखायचं, आणि ओळखता न येणारा पदार्थ करणं ही खरी मोठी कला आहे, त्यात त्या हमखास रमतील.

एक जास्तीचं सांगते, विचारलं नसलं तरी. हल्ली बऱ्याच आया म्हणतात की ही सासुरवासाची गाणी पोरींना कशाला, नको ते डोक्यात भरतं. मला हे अजिबात पटत नाही. ज्या मुलींना घरात तोंड उघडायची सोय नव्हती त्यांनी अंगणात दहाजणींच्या आवाजात आवाज मिसळून "सासरचा वैद्य" कसा वाईट ते सगळ्यांसमोर म्हणून घेतलं, ते मुलींना कळायलाच पाहिजे, गाणं झाल्यावर दोन मिनिटं बसून सांगा इतकंच.

प्रश्न: आमचे आजोबा (सातारा जिल्हा) म्हणायचे "पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा". माझा रूममेट कोकणातला, त्याच्या घरी "पडतील चित्रा तर भात खाईना कुत्रा". आमची यावरून पैज लागलीय. आणि कॅलेंडरमध्ये नक्षत्राचं वाहन कोल्हा, बेडूक वगैरे लिहितात त्याचा पावसाशी खरंच संबंध असतो का?

उत्तर: पैजेच्या पैशांत दोघांनी मिळून वडापाव खा, कारण दोन्ही म्हणी चालू आहेत आणि माझ्या मते दोन्ही बरोबर आहेत, फक्त अर्थ उलटे आहेत. नीट सांगते.

आपल्या नक्षत्रांचा पाऊस म्हणजे सूर्य ज्या नक्षत्रात असतो त्या दिवसांतला पाऊस. वर्षाचे 365 दिवस आणि नक्षत्रं 27, म्हणून एकेक नक्षत्र साडेतेरा दिवसांच्या आसपास चालतं. मृग 7-8 जूनला लागतो, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, आणि मग चित्रा स्वाती. पुनर्वसू तरणा पाऊस, पुष्य म्हातारा, मघा सासूचा, पूर्वा सुनेचा, ही नावं तुमच्या आजोबांना पाठ असणार.

आता उत्तरा येते साधारण 13 सप्टेंबरला. तेव्हा भाताला लोंब्या येत असतात, दाणा भरायचा असतो, खाचरात पाणी पाहिजेच. तेव्हा पाऊस झाला की भात इतका पिकतो की कुत्र्याला सुद्धा खाऊन खाऊन कंटाळा. चित्रा लागते 10-11 ऑक्टोबरला. तोवर कोकणात हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात कापणीला आलेलं असतं, काही ठिकाणी कापून शेतातच पडलेलं असतं. त्याच्यावर पाऊस कोसळला तर दाण्याला मोड येतात, पेंढा कुजतो, आणि तो भात मग कुत्रासुद्धा हुंगून सोडून देतो. म्हणजे शेवटचे शब्द तेच, पण एका घरात सुगी आहे आणि दुसऱ्या घरात नुकसान. चित्राचा अर्थही भरपूर पीक असा लावणारे लोक आहेत, पण कापणीच्या दिवसांत पावसाने हाताशी आलेलं भात गेलेल्या माणसाला विचारा, तो काय सांगेल ते. म्हणून म्हण ऐकली की आधी विचारायचं, कुठल्या गावची आणि तिथे काय पिकतं. नुसती म्हण व्हॉट्सअपवर आली की तिचं गाव गळून पडतं आणि मग अशा पैजा लागतात.

स्वातीचं मात्र बऱ्याच ठिकाणी सारखं ऐकायला मिळतं, "पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती". तो ऑक्टोबरच्या शेवटाचा पाऊस, रब्बीच्या ज्वारीला, हरभऱ्याला ओल देणारा.

वाहनाचं उत्तर लहान आहे. ते गणित आहे, हवामान नाही. सूर्य नव्या नक्षत्रात जातो त्या दिवशी चंद्र कुठल्या नक्षत्रात आहे ते बघायचं, सूर्याच्या नक्षत्रापासून तिथपर्यंत मोजायचं, 9 ने भागायचं. बाकी शून्य उरली तर हत्ती, 1 घोडा, 2 कोल्हा, 3 बेडूक, 4 मेंढा, 5 मोर, 6 उंदीर, 7 म्हैस, 8 गाढव. बेडूक, म्हैस, हत्ती आले की लोक खूष, कोल्हा मेंढा आला की चिंता. पण बंगालच्या उपसागरात काय चाललंय याचा त्या भागाकाराला पत्ता नसतो. आजोबांच्या म्हणी पिकाकडे बघून झाल्यात, त्यांना मी मान देते, वाहनाला नाही. पेरणी तर वाहन बघून अजिबात करू नका, कृषी खातं सांगतं तसं 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल मुरल्यावरच करा, मृग लागला म्हणून धूळपेर, म्हणजे कोरड्या जमिनीत पेरणी करून दुबार पेरणीची वेळ आलेली घरं दर वर्षी असतात.

अजून एक, मृगाची तारीखही कायम नाही. हे नक्षत्रांचं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा 20 मिनिटांनी मोठं आहे, त्यामुळे साधारण 72 वर्षांत एक दिवस पुढे सरकतं. स्वामी विवेकानंदांचा जन्म 12 जानेवारी 1863 चा, त्या दिवशी मकरसंक्रांत होती, आणि आता ती 14 नाहीतर 15 ला येते, ते याच कारणाने. म्हणजे तीन-चारशे वर्षांपूर्वीची म्हण असेल तर तिचं नक्षत्र आता ऋतूच्या मानाने चार-पाच दिवस उशिरा येतंय हे धरूनच चाला.

प्रश्न: मी मुलाकडे अमेरिकेत आहे. नात दीड वर्षाची. "आपडी थापडी" म्हणायला घेतलं तर सून म्हणते आई, यूट्यूबवर शब्द वेगळे आहेत. तेलंगीचं पान की तेलणीचं पान?

उत्तर: दोन्ही ऐकलंय, आणि नातीला काहीच फरक पडत नाही. तुमच्या तोंडात जे बसलंय तेच म्हणा, अडखळलात तर ठेका मोडेल आणि या गाण्यात ठेकाच सगळं काम करतो. हात जमिनीवर पालथे, त्यावर थापट्या, मग एकमेकांचे कान धरून "चाऊ माऊ चाऊ माऊ" ला डोलायचं, आणि "हंडा पाणी गडप" ला हात लपवायचे. व्हिडिओला कान धरता येत नाहीत, ते आजीनेच धरायचे. सुनेलाही खाली बसवा आणि तिचा कान नातीच्या हातात द्या.

प्रश्न: मुलीचं लग्न आहे, जावई बंगाली. उखाणा फक्त मुलीनेच घ्यायचा का?

उत्तर: नाही हो, मुलगेही घेतात, घास भरवताना तर आवर्जून घ्यायला लावतात. जावयांना दोन मराठी ओळी बंगाली लिपीत लिहून द्या, किंवा त्यांच्या भाषेत यमक जुळवू द्या. मुलीसाठी ही एक मी आत्ताच केली: "जात्यापाशी बसल्यावर ओठी येते ओवी, ...चं नाव घेते, साथ जन्माची हवी". गाळलेल्या जागी नाव तेवढं भरा.

प्रश्न: आमची आजी पंच्याऐंशीची. लहानपणी तिच्या ओव्या खूप ऐकल्या. आता फोनवर रेकॉर्ड करायला बसलो की म्हणते काही आठवत नाही गं. काय करू?

उत्तर: आठवत नाही असं नाही, हाताला काम नाही म्हणून येत नाहीये. ओवी बसून म्हणायची नव्हतीच, ती दळताना यायची, खुंटा ओढताना अर्धी ओळ आणि परत येताना अर्धी. गावात पिठाची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं तिथेच ओव्या थांबल्या. तेव्हा कुणाकडून तरी जातं मागून आणा, मूठभर ज्वारी घाला, आजींच्या जोडीला त्यांच्या वयाच्या एखाद्या मावशींना बसवा आणि फोन बाजूला चालू ठेवून द्या. "पहिली माझी ओवी" पासून सुरुवात करून द्या, पुढच्या त्या आपोआप घेतील. जोर लावता येत नसेल तर नुसता खुंट्याला हात लावून बसू दे, दळा तुम्ही.

हे उगाच सांगत नाहीये. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघा अभ्यासकांनी पुण्यातून हे काम सुरू केलं, त्यांच्या गटाने महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि आता त्या पारी या संकेतस्थळावर मराठीत वाचायला, बऱ्याच ऐकायलाही मिळतात. आजींना त्यातल्या दोन-चार ऐकवा, "असं नाही, आमच्याकडे असं म्हणतात" म्हणून त्या स्वतःच दुरुस्त करायला लागतील आणि तेच तर आपल्याला हवंय.

लिहून घेताना आजीचं माहेर कुठलं, सासर कुठलं, ओवी कुणाकडून शिकली, कुणाला उद्देशून आहे (भाऊ, माय, विठ्ठल, सीता), हे शेजारी टिपून ठेवा. शब्द प्रमाण मराठीत करू नका, "व्हती" म्हणाल्या तर "व्हती" च लिहा.

आणि फॅमिली ग्रुपवर टाकायच्या आधी आजींना विचारा. काही ओव्यांत नवऱ्याची, जावेची, सासूची तक्रार असते, माणसं नावानिशी असतात, आणि त्यांची पोरंबाळं त्याच ग्रुपवर असतात. ज्या ओवीला त्या नको म्हणतील ती फक्त तुमच्या वहीत राहू द्या.