तरुण संघाच्या पाळकांचा निरोप समारंभ: प्रथमच जबाबदारी घेणाऱ्यास

सर्वप्रथम बदली होऊन जाणारे पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) आणि पाळकीणबाई (त्यांच्या पत्नी) यांच्याशी बोलून त्यांना सोयीचा रविवार ठरवावा आणि तो पास्टरेट कमिटीकडून (चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीकडून) मंजूर करून घ्यावा; जेवणाचा विचार त्यानंतर करता येतो.

नवख्यांकडून हमखास होणारी चूक म्हणजे भाषणांची लांबण. मंडळीतील (चर्चच्या सभासदांतील) एक वडीलधारी व्यक्ती, तरुण संघातील एक जण आणि ज्या कुटुंबाच्या अडचणीत पाळकसाहेब धावून आले त्यातील एक जण, एवढे वक्ते पुरेत. मुलांचे गीत मात्र सर्वांत आधी ठेवावे, कारण भुकेली मुले थांबत नाहीत.

आणखी काही गोष्टी:
- शालींचा ढीग नको. वर्गणीचे पाकीट द्यावे. कोणी किती दिले, हे जाहीर वाचू नये.
- शास्त्रपाठासाठी (बायबल वाचनासाठी) प्रेषितांची कृत्ये, अध्याय 20, वचने 36 ते 38 घ्यावीत. प्रेषित पौल इफिस येथील मंडळीच्या वडीलजनांसह गुडघे टेकून प्रार्थना करतो आणि ते रडत त्याला जहाजापर्यंत पोहोचवतात; याहून समर्पक उतारा मला तरी सापडलेला नाही.
- बदलीच्या कारणांची चर्चा व्यासपीठावर टाळावी.

पाळकांच्या मुलांचेही सवंगडी सुटत असतात, म्हणून प्रार्थनेत त्यांची नावे आवर्जून घ्यावीत. मानपत्राचा मजकूर तूर्त बाजूला ठेवा. तारीख पक्की झाली की त्याविषयी बोलू.