दाराबाहेरच्या घोळक्यात उभी राहा

प्रिय बाळा,

शिकागोच्या थंडीतला तुझा हा पहिलाच आगमनकाळ, म्हणजे नाताळआधीचे तयारीचे आठवडे. वसईत नाताळची तयारी म्हणजे गोठा आणि करोल, आणि ती कशी करायची हे तुला पाठ आहे. तिथल्या चर्चच्या धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) मेक्सिकन, ग्वातेमालन, व्हेनेझुएलन कुटुंबांनाही त्यांचा सण तसाच पाठ आहे. तेव्हा नवा कार्यक्रम आखू नकोस. त्यांच्या कामात जिथे हात कमी पडतोय तिथे तुझा हात लाव.

पहिली मोठी रात्र 11 डिसेंबरची. 12 ला ग्वादालूपेच्या मातेचा, म्हणजे मारियामातेचा सण. 1531 साली मेक्सिकोतल्या तेपेयाकच्या टेकडीवर हुआन दिएगो या आदिवासी माणसाला तिचं दर्शन झालं आणि खूण म्हणून तिथे गुलाब मिळाले अशी श्रद्धा आहे, म्हणून लोक गुलाब घेऊन येतात. शिकागोजवळच्या डेस प्लेन्सच्या देवस्थानात रात्रभर रीघ असते. एका कुटुंबाबरोबर जा आणि त्यांच्याबरोबरच परत ये. मोजे दोन-दोन घाल. 12 च्या सकाळी कुणालाही बैठकीला बोलावू नकोस, कारण बरेच जण तिथून सरळ कामावर जातात.

मग 16 ते 24 डिसेंबर, पोसादाच्या नऊ रात्री. नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, तुला नवी नाही, फक्त ही चालत चालत होते. मारिया आणि योसेफ आसरा शोधतायत. बाहेरचे लोक गाण्यातून जागा मागतात, आतले गाण्यातूनच नकार देतात, आणि शेवटी ओळख पटली की दार उघडतं. यजमान घरं नोव्हेंबरच्या मध्यालाच ठरवावी लागतात, नाहीतर शेवटच्या तीन रात्री एकाच बाईच्या गळ्यात पडतात. गाण्याचे कागद मोठ्या अक्षरांत छाप आणि बाहेरच्यांच्या ओळी ठळक कर, नाहीतर अंधारात मधल्याच कडव्यापासून बाहेरचे लोक आतल्यांच्या ओळी म्हणू लागतात. मेणबत्त्या त्या वाऱ्यात टिकत नाहीत, बॅटरीवरचे दिवे घे. गारठ्यात गिटारचा सूर उतरतो, म्हणून ती अगदी शेवटी पेटीतून काढायला सांग. बाहेरचं गाणं दहा मिनिटांत संपव.

आता जे सांगतोय ते नीट ध्यानात ठेव. ज्या घरात देशात राहण्याच्या कागदपत्रांची धास्ती आहे तिथे अनोळखी थाप पडली की टीव्ही बंद होतो आणि मुलं आतल्या खोलीत जातात. त्याच दारावर तुम्ही थापेचाच सण घेऊन जाणार आहात. म्हणून निघण्याआधी फोन कर, दारापाशी आधी गाणं सुरू होऊ दे, थाप नंतर. सगळ्यांत पुढे त्या घरच्यांच्या ओळखीचा आवाज हवा. पत्ते व्हॉट्सॲपच्या मोठ्या गटावर टाकू नकोस. फोटो काढायचाच तर पिन्याताचा, म्हणजे काठीने फोडायच्या खाऊ भरलेल्या टांगत्या चांदणीचा काढ, चेहऱ्यांचा नको.

पिन्याताला सात टोकं असतात, ती सात महापापं. अपघात नेहमी एकाच क्षणी होतो: गोळ्या पडायला लागतात, मुलं झेपावतात, आणि डोळे बांधलेल्या मुलाची काठी अजून फिरत असते. एका मोठ्या माणसाचं काम तेवढंच ठेव, पिन्याता फुटताच काठी धरायची. जमिनीवर दोरीचं रिंगण आख, सगळ्यांत लहान मुलाला पहिली पाळी दे. खाऊच्या पिशव्या मोजणीपेक्षा दहा जास्त भर.

तामालेस करायला बसशील तेव्हा आपल्या पातोळ्या आठवतील, फक्त हळदीच्या पानाऐवजी मक्याच्या कणसाचं वाळलेलं साल. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळला की जे पीठ होतं ते मासा. दोन-सव्वादोन किलो तयार मासा आणि अर्धा किलोच्या आसपास डुकराची चरबी, यात पन्नासेक होतात. चरबी आधी पांढरी, हलकी होईपर्यंत फेसायची. पिठाची छोटी गोळी थंड पाण्यात टाकून बघ: तरंगली तर झालं, बुडली तर आणखी फेस. सालं गरम पाण्यात भिजवून मऊ करायची आणि पीठ गुळगुळीत बाजूला फासायचं, सारण ठेवून गुंडाळायचं आणि खालचं टोक दुमडायचं. भांड्यात उघडं तोंड वर करून उभे लावायचे, सव्वा ते दीड तास वाफ. तळाच्या पाण्यात एक नाणं टाकून ठेवतात. ते खुळखुळतंय तोवर पाणी आहे, आवाज थांबला की लगेच गरम पाणी ओत. उतरवल्यावर पंधरा मिनिटं थांब. गरम गरम उघडलं तर पीठ सालाला चिकटतं आणि कच्चं राहिलंय असं वाटून लोक उगाच पुन्हा चढवतात. ग्वातेमालाची मंडळी केळीच्या पानात करतात, व्हेनेझुएलाची आयाका, तामालेसचीच बहीण, तीही केळीच्या पानातच. अमकीचं बरं की तमकीचं, या वादात पडू नकोस.

तुला पीठ फासायला बसवतील. ते आनंदाने कर. मागे गावी राहिलेल्या मुलांची गोष्ट तिथेच निघते, हात चालू असताना आणि नजर सालावर असताना. तूही मान वर करू नकोस. सीमा कशी ओलांडली हे कधीच विचारू नकोस.

मोठ्यांशी कायम उस्तेद, म्हणजे आपलं 'तुम्ही'. मध्य अमेरिकेतली माणसं आपसात वोस, म्हणजे जवळिकीचं 'तू', म्हणतील, ते लगेच उचलू नकोस. कुणी प्रत्येक वाक्याला नुसतं 'सी, सी' म्हणत असेल तर घरची भाषा विचार. ग्वातेमालातल्या अनेकांची मातृभाषा माम किंवा किचे ही माया भाषा असते आणि स्पॅनिश त्यांनाही शिकलेली. आडनावं दोन असतात, आधी वडिलांकडचं, मग आईकडचं. यादी पहिल्या आडनावाने लाव, नाहीतर एकच मूल दोनदा मोजलं जातं.

भेटवस्तू मुलांच्या हातात देऊ नकोस. आईवडिलांकडे दे, कागद आणि चिकटपट्टीसकट, म्हणजे बांधतील ते आणि देतीलही तेच. जॅकेटची मापं आधी घे आणि प्रत्येक चेन स्वतः लावून बघ. 24 च्या संध्याकाळनंतर कुणाकडे वाटपाला जाऊ नकोस. ती घरी फोन करायची वेळ असते आणि जेवण मध्यरात्री असतं.

कागदपत्रांबद्दल विचारतीलच. सल्ला देऊ नकोस. एवढंच सांग की लॅटिन अमेरिकेत नोतारियो हा कायद्याचा जाणकार असतो, पण अमेरिकेतला नोटरी फक्त सही साक्षांकित करतो. या एका शब्दावर फसून लोक पैसे आणि केस दोन्ही घालवतात. त्यांना वकिलाकडे किंवा न्याय विभागाची मान्यता असलेल्या प्रतिनिधीकडेच पाठव.

25 ला सामान आवरू नकोस. बऱ्याच घरी मुलांच्या भेटी 6 जानेवारीला, तीन राजांच्या सणाला येतात, म्हणून थोडी खेळणी मागे ठेव. त्या दिवशी मेक्सिकन घरी रोस्का, म्हणजे कड्याच्या आकाराचा गोड पाव, कापतात, आत बाळ येशूची छोटी बाहुली असते. ती तुझ्या तुकड्यात निघाली तर 2 फेब्रुवारीच्या कांदेलारिया सणाचे तामालेस तुझ्याकडे लागले. पन्नास पुरणार नाहीत, शंभराची तयारी ठेव, आणि मोठं भांडं आत्ताच कुणाकडे तरी सांगून ठेव.

सप्रेम आशीर्वाद.