पहिल्या फुलावर नाव ठेवू नकोस

राजेंद्र नगर, इंदूर

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तू संकर करून वाढवलेल्या ब्रुगमॅन्सियाच्या पहिल्या फुलाचा फोटो पाहिला. फूल देखणं आहे, यात शंका नाही. पण "काका, नाव सुचवा" या तुझ्या मागणीला माझं उत्तर सध्या नाही असंच आहे. ब्रुगमॅन्सिया म्हणजे धोतऱ्याच्या कुळातलं, लोंबत्या कर्ण्यासारख्या फुलांचं झाड. त्याच्या बीपासून उगवलेल्या रोपाचा पहिला बहर फसवा असतो. फूल बरेचदा लहान येतं, रंग फिका पडतो, फुलाच्या कडेची टोकदार शेपटं नीट वळलेली नसतात. दुसरा आणि तिसरा बहर पाहिल्याशिवाय त्या झाडाबद्दल बरं-वाईट काहीच बोलू नये, असं माझं ठाम मत आहे.

संकर करणं ही यातली सोपी बाजू, आणि तुझा हात त्यात बसलाच आहे. तरी एक सांगतो. संध्याकाळी उमलणारी कळी दुपारीच धर. ती फुगलेली असावी, पण तोंड मिटलेलं. नळीला उभी चीर दिलीस की आत पाच पुंकेसर दिसतील. सुआवेओलेन्स या जातीचे परागकोश एकमेकांना चिकटून बसलेले असतात, व्हर्सिकलर या जातीचे सुटे. ते फुटण्याआधी चिमट्याने काढून घे. स्त्रीकेसराचं टोक ओलसर, चिकट दिसलं की दुसऱ्या झाडाचा पराग लाव आणि त्याच देठाला दोऱ्याने चिठ्ठी बांध. चिठ्ठीवर आईचं नाव आधी, बापाचं नंतर, मग तारीख. शिसपेन्सिलीने लिही, शाई पावसात जाते.

हे सगळं दसरा-दिवाळीच्या सुमारास कर. फळ पिकायला चार ते सहा महिने लागतात, म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा पारा चाळिशीला टेकण्याआधी बी हातात येतं. एप्रिल-मेमध्ये केलेले संकर लू लागून गळून जातात. फळाला धोतऱ्यासारखे काटे नसतात आणि ते आपणहून तडकतही नाही, तेव्हा पिवळं पडून सुरकुतेपर्यंत थांब. बियांवर बुचासारखं जाड साल असतं. रात्रभर भिजवून ते सोललंस तर उगवण लवकर होते.

आता मुख्य गोष्ट. ब्रुगमॅन्सियाला सहसा स्वतःचा पराग चालत नाही, म्हणून प्रत्येक झाड मुळातच मिश्र रक्ताचं. एका फळातून जितकी रोपं उठतील तितकी झाडं वेगळी निघतात. एखादं आईपेक्षा सरस, बरीचशी आईच्याच तोडीची, काही तर तिच्याहून खालची. आवडलेलं झाड पुढे फक्त कलमाने, म्हणजे फांदी लावूनच, जसंच्या तसं राहतं. म्हणून संकर करणाऱ्याचं खरं काम निवडीचं आहे, आणि निवड म्हणजे बहुतेक रोपं काढून टाकणं. तू प्रत्येक रोपाला जीव लावतेस, ते मला दिसतं. गच्चीवर जागा किती, हेही दिसतं.

तुलनेसाठी आई-बाप शेजारी ठेव. कुंडी त्याच मापाची, माती तीच, ऊन तेच. नुसती काळी माती भरू नकोस, पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. निम्मं कंपोस्ट घाल. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञांनी 1924 पासून 1931 पर्यंत याच इंदुरात राहून खताची जी पद्धत बसवली, ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. हॉवर्ड स्वतः गव्हाचे वाण तयार करणारे होते, हे मला फार आवडतं. आधी माती, मग वाण.

वहीत काय लिहायचं? उमलतानाचा रंग आणि तिसऱ्या दिवसाचा रंग वेगवेगळे लिही, कारण व्हर्सिकलरच्या रक्ताची फुलं पांढरी उमलून नंतर गुलाबी किंवा शेंदरी होतात. फूल सरळ खाली लोंबतं की तिरकं राहतं? खोड किती उंचीवर पहिल्यांदा दुभंगलं? त्या दुबेळक्यानंतरच फुलं येतात, त्यामुळे उशिरा दुभंगणारं झाड कुंडीत त्रासाचंच. दोन बहरांत अंतर किती? सुगंध दिवेलागणीनंतर घे, दुपारी वास नाही म्हणून रोप बाद करू नकोस. दुहेरी, म्हणजे एकात एक पाकळ्या असलेल्या, फुलांचे पुंकेसर पुष्कळदा पाकळ्याच होऊन बसलेले असतात. तेव्हा पराग मिळाला नाही तर त्याच झाडाला आई करून बघ.

आणि मे महिन्याचं पान कोरं सोडू नकोस. कोणाच्या पानांवर लाल कोळी, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, आधी चढला, कोणाची पानं दुपारी मान टाकून संध्याकाळी सावरली, पाऊस पडल्यावर कोण आधी फुटलं, हे मला फुलाच्या लांबीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. युरोपातली मंडळी थंड हवेसाठी निवड करतात. माळव्याच्या उन्हात टिकून भरभरून फुलणारं झाड आपणच शोधायचं आहे. सँग्विनिया जातीच्या लाल फुलांचा मोह सोड. ती अँडीजच्या उंच थंडीतली. इथे ती तग धरणार नाही, आणि आपल्याकडच्या उष्ण हवेतल्या जातींशी तिचा संकरही सहसा जमत नाही. ऑरिया आणि व्हर्सिकलर या दोन जातींच्या संकरातून कँडिडा झाली. तू सुआवेओलेन्सची भर घालून पुढे जा.

पानांवर चट्टे किंवा फिक्या-गडद तुकड्यांची नक्षी दिसली तर तो विषाणू समज; फूल कितीही सुंदर असो, ते झाड उपट. हे विषाणू माव्यातून आणि सुरीतून पसरतात. प्रत्येक झाडानंतर सुरीचं पातं जंतुनाशकाने पूस. टोमॅटो-वांग्याच्या कुंड्या लांब ठेव. आणि तुमच्याकडे येणाऱ्या माळीदादांना तंबाखू मळल्यावर साबणाने हात धुवायला सांग, तंबाखूचा विषाणू याच कुळातल्या झाडांना लागतो.

झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे, स्कोपोलामाइन आणि अॅट्रोपिन त्यात असतं. छाटणीनंतर डोळ्याला बोट लागलं तर बाहुली मोठी होऊन दिवसभर, कधी त्याहूनही जास्त, धूसर दिसतं. हातमोजे घालच. महाशिवरात्रीला शेजारच्या काकू 'धोतऱ्याची फुलं' मागायला येतील. फूल देवाला वाहायला दे, पण लहान मुलांच्या हाती पडू देऊ नका, हे स्पष्ट सांग.

एक गोष्ट मनात ठेव. ब्रुगमॅन्सियाच्या मूळ जाती आता रानात उरलेल्या नाहीत, आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीत त्या 'रानातून नामशेष' आहेत. जे काही आहे ते लोकांच्या बागांत. म्हणून नवीन रोप हाती आलं म्हणून जुनी आई टाकू नकोस.

तिन्ही बहर आणि एक उन्हाळा पार करून रोप आई-बापांपेक्षा खरोखर वेगळं ठरलं, तरच नाव. ते लॅटिन नको, एकेरी अवतरणात लिही. पावसाळ्यात दुबेळक्याच्या वरच्या फांदीची दोन कलमं कर, ती लवकर फुलतात. एक मला दे, एक महूच्या मावशीकडे. तिच्या अंगणातली नोंद आल्यावर वही घेऊन ये.

तुझे,
काका